दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

ऐन मीटिंगमध्ये आम्ही तुमच्या डेटाबेसमधून काढून दिलेल्या रिपोर्टवरून तुमचा खोळंबा झाला, त्याबद्दल माफी मागतो. पण तुम्ही लिहिलंय, 'प्रत्येक शाखेतला सर्वात मोठा व्यवहार मागितला, तर काही शाखांच्या दोन-दोन ओळी आल्या. यांना साधी क्वेरी (डेटाबेसकडून माहिती मागवणारी आज्ञा) जमत नाही.' आमचं काम तोंडी शिफारशीवर चालतं, त्यामुळे यावर गप्प बसणं परवडणारं नाही.

त्या शाखांमध्ये सर्वात मोठ्या रकमेचे व्यवहारच दोन-दोन आहेत आणि रक्कम अगदी दशांशापर्यंत सारखी आहे. बरोबरी झाली तर काय करायचं, हे आम्ही काम सुरू करण्याआधी ईमेलवर विचारलं होतं. 'एकही सुटता कामा नये' हे उत्तर तुमच्याच ऑफिसमधून आलं. ते ईमेल आजही आमच्याकडे आहे.

'आमची जुनी क्वेरी एका ओळीची होती आणि नीट चालायची,' हे वाक्य मात्र फार लागलं. ती क्वेरी आम्ही पाहिलीय. शाखेवर ग्रुप बाय (एका शाखेच्या ओळींचा एक गट), रकमेचं मॅक्स (गटातली सर्वात मोठी रक्कम), आणि शेजारी तारीख नि ग्राहक क्रमांक तसेच मोकळे, कुठल्या ओळीतून घ्यायचे ते न सांगता. त्यात रक्कम बरोबर येते, पण तारीख त्याच व्यवहाराची असेल याची काही खात्री नाही. मायएसक्यूएल, म्हणजे तुमचं डेटाबेस सॉफ्टवेअर, ती गटातल्या कुठल्याही ओळीतून उचलू शकतं. त्याच्या ५.७.५ आवृत्तीपासून मूळ सेटिंगमध्ये अशी क्वेरी एररच देते. तुमच्या सर्व्हरवर ते सेटिंग कुणीतरी बंद करून ठेवलंय. हे आम्ही स्वतःहून कळवलं, त्याचं वेगळं बिलही लावलं नाही.

सर्व्हर ५.७ वर असल्यामुळे विंडो फंक्शन्स (गटातल्या ओळींना क्रम लावणारी वगैरे फंक्शन्स) मिळत नाहीत, ती ८.० मध्ये आली. म्हणजे रो नंबर, रँक दोन्ही बाद. म्हणून शाखावार मॅक्स आधी सबक्वेरीत (क्वेरीच्या आतल्या क्वेरीत) काढलं आणि ते मूळ टेबलाशी परत जॉइन केलं, म्हणजे जोडलं, शाखा आणि रक्कम दोन्ही जुळवून. यात बरोबरीच्या सगळ्या ओळी येतात, आणि तेच तर मागितलं होतं. शोध लवकर व्हावा म्हणून शाखा-रकमेचा इंडेक्सही (सूचीही) बनवून दिला.

एकच ओळ हवी असेल तर बरोबरीत जुनी तारीख धरायची की लहान व्यवहार क्रमांक, एवढं सांगा, बदलून देतो. पुढच्या कामांत हा नियम फॉर्ममध्येच लिहून घेऊ. एक फोन केला असता तरी मीटिंगआधी काम झालं असतं, सर. अभिप्रायाचा फेरविचार करावा, ही विनंती.