ओपन जिमपेक्षा शाळेचा हॉल

जिममध्ये कोणी कोसळल्याची बातमी आली की पुण्या-मुंबईच्या आप्तांच्या बोलण्यात तोच वाद निघतो. एक पक्ष म्हणतो की वजने उचलणे आपल्या प्रकृतीला मानवत नाही, चालणे आणि सूर्यनमस्कार पुरेत. दुसऱ्याच्या मते ट्रेनर आणि प्रोटीन पावडर यांच्यावाचून शरीर कमावता येत नाही. बर्लिनहून हे ऐकताना मला वाटते की ताकद वाढवणारा व्यायाम गोडीने टिकेल कसा, हा खरा प्रश्न दोघांच्याही हातून निसटतो आहे.

चालणे उत्तमच, पण अपुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या मध्यम व्यायामाखेरीज किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करायला हवा, आणि आपल्याला तर तो अधिकच हवा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली होती: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे त्यांच्या संशोधनाने वारंवार दाखवले आहे.

महापालिकांनी उद्यानांत ओपन जिम बसवल्या, त्यामागचा हेतू चांगलाच होता. परंतु तिथले खांद्याचे चाक कितीही फिरवले तरी जड होत नाही आणि बाकीची बहुतेक यंत्रे आपल्याच वजनावर चालतात. त्यामुळे पहिल्या महिन्यात लागणारा कस तिसऱ्या महिन्यात लागत नाही, आणि कस लागला नाही की ताकदही वाढत नाही व गोडीही राहत नाही. जोरांची संख्या चढवत नेणाऱ्या, हलक्या मुद्गलानंतर जड मुद्गल हाती देणाऱ्या तालमीतल्या वस्तादांना हे पक्के ठाऊक होते.

इथे बर्लिनमध्ये आमच्या वस्तीतल्या शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी क्रीडासंघाचा, म्हणजे स्पोर्ट्स क्लबचा, वर्ग भरतो. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई केटलबेल (मूठ असलेला वजनी गोळा) उचलतात आणि किती किलो, किती वेळा, हे आपल्या वहीत लिहितात. शेवटच्या दोन वेळा वजन जड गेलेच पाहिजे, पण पाठ वाकता कामा नये, एवढ्यावर शिक्षकांचे बारीक लक्ष असते. एखादी आली नाही तर दुसरी फोन करते. माझ्या मते गोडी टिकते ती या दोहोंमुळे, वहीतल्या चढत्या आकड्यामुळे आणि वाट पाहणाऱ्या माणसांमुळे. जर्मनीत असे सुमारे 86 हजार संघ आहेत. अर्थात सगळे आलबेल नाही: शिक्षक मिळत नाहीत, प्रतीक्षायादी असते आणि शाळेच्या सुटीत वर्ग बंद पडतात.

ही पद्धत आपल्याला परकी मुळीच नाही. याच बर्लिनमध्ये 1936 च्या ऑलिंपिकवेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ सादर केले होते. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात आजही मुले-मुली मल्लखांब शिकतात. अशी ठिकाणे प्रत्येक वॉर्डात हवीत, आणि त्यांत चाळिशीपुढच्या बायकांसाठी सोयीची वेळ राखून ठेवलेली हवी. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. महापालिकेच्या अनेक शाळांचे हॉल संध्याकाळी कुलूपबंद असतात; ते दोन तास उघडावेत, वेगवेगळ्या वजनांच्या डंबेलच्या जोड्या ठेवाव्यात आणि यंत्रांवर खर्च होणाऱ्या पैशातून जाणत्या वस्तादाला मानधन द्यावे, अशी मागणी यंदाच्या अंदाजपत्रकापूर्वी आपापल्या नगरसेवकाकडे करता येईल.