द्राक्षबागेत राहायला जाताय? तारीख वेलीला विचारून ठरवा

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात माझं आजोळ. मामांची द्राक्षबाग आहे. त्यामुळे ओळखीतल्या कुणालाही नाशिकला वाईनरी बघायची, बागेतल्या लाकडी केबिनमध्ये दोन रात्री राहायचं असं मनात आलं की मेसेज मला येतो. कुणी पंधरा ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी धरतं, कुणी मुलांच्या परीक्षा संपल्या म्हणून मे महिना. केबिनचे फोटो आलेले असतात, भाडं विचारून झालेलं असतं, मेन्यूसुद्धा ठरलेला असतो. वेल त्या आठवड्यात काय करत असेल, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं सांगणं एवढंच आहे की सुरुवात तिथून करा.

युरोपात थंडीत वेल पानं गाळून झोपी जाते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये द्राक्षं काढणीला येतात. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही, वेल बारा महिने वाढायलाच बघते. म्हणून नाशिकचा बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो आणि पीक एकदाच घेतो. बाग मोकळी झाली की एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी. त्यानंतर उन्हाळ्यात ज्या काड्या फुटतात, त्यांच्या डोळ्यांतच, म्हणजे काडीवरच्या कळ्यांत, पुढच्या हंगामाचे घड आतल्या आत तयार होतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि तिथून साधारण चार महिन्यांनी माल. वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये काढतात.

म्हणजे मे महिन्यात आलात तर कोवळी फूट दिसेल. ऑगस्टमध्ये हिरवीगार भिंत दिसेल, सुंदरच दिसेल, पण घड एकही नसेल. मुलांना वेलीवरचं द्राक्ष दाखवायचं असेल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट, एवढाच काळ धरा. सुट्टी मिळत नसेल तर रजा टाका. त्या दिवसांत बाग बघणं म्हणजे काय असतं हे लहानपणापासून बघत आलेय, म्हणून एवढ्या हट्टाने सांगतेय.

त्या वेळी वाईनच्या बागेत गेलात तर पहिल्यांदा थोडी निराशा होईल. घड छोटे, मणी बारीक, साल जाड, आत बिया. आपण बाजारातली लांबट थॉमसन खाणारी माणसं. पण लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा येतो तो सालीतून आणि बियांतून, त्यामुळे तिथे बारीक मणीच हवा असतो. लाल वाईनच्या शिराझ जातीचा एखादा मणी चाखायला मिळाला तर सोडू नका, पण विचारूनच. शक्य असेल तर भल्या सकाळी बागेत जा. ऊन चढायच्या आत काढणी उरकतात, म्हणजे माल थंड असतानाच वाईनरीत पोचतो. पायांनी द्राक्षं तुडवायचे कार्यक्रम पाहुण्यांसाठी असतात. मुलांना ते आवडतातही, जरूर करा. खरी वाईन होते ती यंत्रावर देठ वेगळे करून, मणी फोडून.

आणि बागेत काम करणाऱ्या बायकांकडे लक्ष जाऊ द्या. पेठ, सुरगाणा भागातली कितीतरी कुटुंबं हंगामात दिंडोरी-निफाडकडे कामाला येतात, बागेच्या कडेलाच राहतात. वेलीला हात कसा लावायचा हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. त्यांचे फोटो न विचारता काढू नका. दोन मिनिटं थांबून बोललात तर टूरवर ऐकायला मिळणार नाही असं बरंच कळेल.

आता राहण्याचं. तंबू की केबिन, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर ठाम आहे: केबिन. एक कारण थंडी. महाराष्ट्रातलं नीचांकी तापमान थंडीत पुष्कळदा निफाडला नोंदलं जातं. पारा फारच उतरला की मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. जिथे वेलीसाठी शेकोटी लागते, तिथे पातळ तंबूत लहान मूल घेऊन झोपू नये. फेब्रुवारीत दुपारी ऊन लागतं, पण पहाटे कानटोपी लागतेच. दुसरं कारण बिबट्या. ऊस आणि नदीकाठच्या झाडीमुळे निफाड, दिंडोरी, सिन्नर या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, ही काही ऐकीव गोष्ट नाही. केबिनला पक्कं दार आहे ना, संडास आतच आहे ना, आवारात रात्रभर दिवा असतो ना, हे बुकिंगच्या आधी फोन करून विचारा. अंधार पडल्यावर मुलांना बागेत एकटं सोडू नका. उरलेलं जेवण बाहेर टाकू नका, त्याने कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

जागा निवडताना एकच दिशा धरा आणि मुक्काम तिकडेच ठेवा. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा या वाईनरी जवळजवळ आहेत, एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) ग्रेप पार्क रिसॉर्टही तिथेच. पहिल्यांदा जाणाऱ्यांना हीच बाजू सोपी. इगतपुरीकडे ग्रोव्हर झम्पा, व्हॅलोन. तिकडे डोंगर आणि धरणं जवळ, गर्दी कमी. मला ती बाजू जास्त आवडते. एका दिवसात चार वाईनरी करण्याचा बेत मात्र करू नका, एक पुरे. ती नीट बघा, टाक्या बघा, प्रश्न विचारा. मुंबईहून सकाळची तपोवन एक्सप्रेस धरली तर नाशिकरोडला उतरून पुढे गाडी करता येते. टेस्टिंगनंतर स्टिअरिंगवर कुणी बसायचं हा वादच राहत नाही. स्वतःची गाडी नेणार असाल तर न पिणारा माणूस घरूनच ठरवून निघा.

घरात पिणारं कुणीच नाही, मग आम्ही कशाला जायचं, असंही विचारतात. अहो, जरूर जा. माझ्या आईने आयुष्यात वाईनचा थेंब घेतलेला नाही आणि बागेत सगळ्यात जास्त वेळ तिचाच जातो. दुसऱ्या दिवशी नांदूरमध्यमेश्वरला जा. गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचं हे पाणथळ 2020 मध्ये रामसर यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. चमचे, थापट्या, चक्रवाक हे पाहुणे पक्षी फेब्रुवारीत असतात आणि द्राक्षंही तेव्हाच. ही जुळणी वर्षात फार दिवस मिळत नाही. पिणाऱ्यांसाठी एक सांगते: नाशिकच्या झणझणीत मिसळीबरोबर लाल वाईन घेऊ नका, तुरटपणाने तिखट आणखी चढतं. किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लांक ही पांढरी वाईन घ्या.

एका गोष्टीचा मला मनापासून त्रास होतो, ती म्हणजे रात्रीचे स्पीकर. धरणाच्या कडेला तंबू ठोकून मध्यरात्रीपर्यंत डीजे वाजतो. शेजारच्या शेतात पाळीची वीज रात्रीच आलेली असते, शेतकरी पाणी द्यायला जागा असतो आणि पहाटे त्याला फवारणीला उठायचं असतं. तुमच्या केबिनचा मालक स्पीकरला परवानगी देत असेल तर दुसरी जागा बघा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी गारपीट होते, अवकाळी पाऊस येतो. एका रात्रीत वर्षाचा माल जातो. तुमच्या बुकिंगच्या आदल्या दिवशी असं झालं तर पैसे परत मागायच्या आधी मालकाला फोन करून बाग कशी आहे ते विचारा. तारीख पुढे ढकला. त्या सकाळी त्याच्याकडून बागेची सफर मागू नका.

आणि येताना द्राक्षं घ्यायची असतील तर वेलीवरून तोडू नका. फवारणीनंतर ठरावीक दिवस जावे लागतात, कुठल्या ओळीचे भरलेत ते मालकालाच माहीत असतं. त्याला सांगा, तो कात्रीने देठाशी कापून देईल. सांगेल तो भाव द्या, घरी आणून नीट धुवा. काळी हवी असतील तर आधीच सांगून ठेवा, ती प्रत्येकाकडे नसतात.