एका हाताचं डाएट

हॉस्पिटलमधून घरी आले, बाळाला आईच्या मांडीवर दिलं आणि गुपचूप वजनकाट्यावर जाऊन उभी राहिले. माझा हिशोब पक्का होता. नऊ महिन्यांत ६० चे ७४ झाले होते. आता बाळ ३ किलोचं, वार अर्ध्या किलोची, वर पाणी आणि रक्त. पाच-सहा किलो तर निव्वळ सुटकेचेच गेले असणार!

काट्याने ७२ दाखवले.

उतरले, काटा दुसऱ्या फरशीवर ठेवला, पुन्हा चढले. ७२. म्हणजे तीन किलोचं मूल बाहेर काढून माझे दोनच किलो उतरले होते. हॉस्पिटलमधून मी एक किलो वर घेऊन आले होते की काय! ते अंगात साठलेलं पाणी होतं. पायांवरची सूज पंधरवड्यात ओसरली आणि काटा ६८ वर आला. पण तोवर माझा काट्यावरचा आणि गणितावरचा विश्वास उडाला होता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "सहा आठवडे वजनाचं नाव काढायचं नाही. त्यानंतरही आठवड्याला अर्ध्या किलोच्या वर उतरवायचं नाही. आणि दूध पाजतेयस, तर रोज ३३० ते ४०० कॅलरी जास्तच लागतील." यातलं शेवटचं वाक्य मी घरात सगळ्यांना दोनदा ऐकवलं. आधीची वाक्यं तेवढी नीट ऐकू आली नव्हती.

मग आहाराचा तक्ता आला. सकाळी आठला नाश्ता, अकराला फळ, एकला जेवण. वाचून मला हसूच आलं. आठ? कुणाचे आठ? बाळ दिवसरात्र मिळून दहा-बारा वेळा पितं, आणि दोन पिण्यांच्या मधे ढेकर, लंगोट, रडणं आणि पुन्हा पिणं. आमच्या घरात घड्याळ नुसतं भिंत झाकायला उरलं होतं.

पण खरी मेख वेळेत नव्हती, हातांत होती. तो तक्ता दोन हात असलेल्या बाईसाठी केला होता. माझा डावा हात बाळाच्या मानेखाली गेलेला, तो काही सुटायचा नाही. राहिला उजवा. आता एका हाताने संत्रं सोलून दाखवा. सॅलड खाऊन दाखवा, तेही बाळाच्या कानात काकडी न पाडता. सूप तर विसराच. गरम वाटी आणि खाली नवजात डोकं! पौष्टिक म्हणून जे जे असतं ते सोलायचं, चिरायचं, निवडायचं, नाहीतर सावकाश चावायचं असतं. एका हाताने, अंधारात, आवाज न करता खाता येतं ते एकच. बिस्किट. बिस्किटाचा शोध बाळंतिणीनेच लावला असणार, माझी खात्री आहे.

एका रात्री मी निश्चय केला. उकडलेलं अंडं उशाशी घेऊन झोपले. तीन वाजता बाळ प्यायला लागलं तशी मी पलंगाच्या कडेवर अंडं हळूच आपटलं आणि अंगठ्याने सोलायला घेतलं. आतला पापुद्रा चिवट निघाला. नखाने ओढला, तर टरफलाचा तुकडा उडाला आणि बाळाच्या कपाळावर टिकलीसारखा बसला. त्याने पिणं थांबवून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच ते अंडं घातलं होतं. मग रडलं. नवरा उठला. अंडं पलंगाखाली गेलं. मी बिस्किट खाल्लं.

झोपमोड झाली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन उतरतं, हेही मी तेव्हाच वाचलं. एका हातात फोन, तोंडात बिस्किट. तहानेचीही तीच तऱ्हा. आईच्या दुधात ८७ टक्के पाणीच असतं, त्यामुळे बाळ लागलं रे लागलं की घशाला कोरड. आणि बाटली? कायम हात पुरेल त्याच्या वीतभर पुढे.

"मूठभर बदाम खा" हा सल्ला तर सगळ्यांनी दिला. बदामाला साधारण ७ कॅलरी. माझ्या मुठीत पंचवीस मावतात, म्हणजे पावणेदोनशे. मूठ एकदाच भरायची असते, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्यात आई म्हणायची, "खा गं, दूध कमी पडेल," आणि बघायला आलेली मंडळी म्हणायची, "पोट अजून तसंच दिसतंय, नाही?" दोन्ही वाक्यं एकाच ताटलीवरून.

शेवटी नवऱ्याने विचारलं, "मी काय करू?" मी सुरी दिली. तेव्हापासून रोज रात्री उशाशी डबा असतो: सोललेली अंडी, संत्र्याच्या फोडी, गाजराचे तुकडे, उकडलेले हरभरे. पहिल्या रात्रीचा डबा हवाबंद होता. त्याचं झाकण उघडायला दोन हात लागत होते! त्या रात्री मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. आता झाकण सैल असतं आणि बिस्किटांचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर, जिथे दोन हातांशिवाय पोचता येत नाही.

उतरलं वजन. चिकटपणे, आढेवेढे घेत, पण उतरलं. तेवढ्यात बाळ सहा महिन्यांचं झालं आणि वरचं खायला लागलं. कुस्करलेलं केळं तीन चमचे पोटात, दोन केसांत, उरलेलं माझ्या वाट्याला. टाकवत नाही ना!

काल तो सात महिन्यांचा झाला म्हणून त्याला कडेवर घेऊन काट्यावर चढले. मी ६४, तो ८. उजव्या हातात त्याचं उरलेलं केळं.

"किती झालं?" आतून नवऱ्याने विचारलं.

"बाहत्तर," मी म्हणाले, आणि केळं तोंडात टाकलं.