पुराचे आकडे तोंडपाठ, टॉर्चमध्ये सेल नाहीत

सकाळपासून घरात नुसती कॉमेंट्री चालूय. आमच्या कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, अलमट्टीतनं किती सोडलंय, सगळ्यांना सगळं माहिती. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या बारक्याला पण पाठ आहे. आणि काल रात्री लाईट गेली तर टॉर्च लागंना. उघडून बघते तर आत सेलच नाहीत! एक भिंतीवरच्या घड्याळात, दुसरा रिमोटमध्ये. वर मलाच विचारतात, "अगं मग टीव्ही कसा बघायचा?"

अरे २०१९ विसरलात काय? बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलेलं, आणि बाबा शेवटपर्यंत म्हणत होते की २००५ ला पायरीपर्यंतच आलेलं, इथं काय येत नाही. आलं की कमरेइतकं. आईंच्या बीपीच्या गोळ्या फ्रिजवर ठेवलेल्या आणि फ्रिजच आडवा होऊन तरंगत होता. ट्रंक पलंगाखाली, त्यातल्या रेशनकार्डाचा असा लगदा झालेला की पान उलटायला गेलं की बोटालाच चिकटून यायचं. शेजाऱ्यांच्या माडीवर बसून होतो, चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला पाणी नाही, कारण गावाला पाणी उपसणाऱ्या मोटरीच पुरात, हायवे बंद म्हणून दूध नाही, पेट्रोल नाही.

तेव्हापासून दर मे महिन्यात मी एक सॅक भरते. टॉर्च, पावर बँक, मेणबत्त्या, काडेपेटी, आईंच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या, आधार-रेशनकार्डाच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, दोरी, चिवडा, बिस्किटं. मी भरते आणि हे लोक उपसतात! मेणबत्त्या वाढदिवसाला गेल्या, दोरीवर आता कपडे वाळतायत, चिवडा तर जूनच्या पहिल्या पावसातच चहासोबत संपला. काल झेरॉक्सच्या पिशवीत हात घातला तर आत जोतिबाचा गुलाल, कारण "पिशवी चांगली होती". आणि झेरॉक्स कुठायत ते कुणालाच माहिती नाही.

बरं, पाणी दारात आलं तर मेन स्विच कुणी बंद करायचा म्हणून विचारलं तर घरात तीन मोठी माणसं आणि तिघांनाही तो कुठला ते सांगता येईना. मीटरच्या खोलीला कुलूप आहे आणि किल्ली घरमालकाच्या मुलाकडं, तो पुण्याला! मी बोलले की "किती टेन्शन घेतीस गं". घेते, कारण गेल्या वेळचा चिखल कुणी काढलाय? आठ दिवस खराटा घेऊन मीच होते, तुम्ही भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली ते पाहुण्यांना दाखवत होता.

आत्ता नवरा मित्रांसोबत शिवाजी पुलावर गेलाय, मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलाच्या खुणेपर्यंत चढलं का ते बघायला. व्हिडिओ काढायला चार्जिंग पुरलं पाहिजे म्हणून जाताना सॅकमधली पावर बँक घेऊन गेलाय.