गेममधला मालक प्रेमळच हवा

नोकरीच्या मुलाखतीत बाईमाणसाला कशी वागणूक मिळते, यावर छोटासा गोष्टीवजा व्हिडिओ गेम करायचं तुमच्या डोक्यात आलंय, असं कानावर आलं. करा की! ट्वाइन नावाचं साधन फुकटात मिळतं. ख्रिस क्लिमस नावाच्या गृहस्थाने २००९ मध्ये ते आणलं, आणि कोडिंग आलंच पाहिजे असंही नाही. एक पान लिहायचं, खाली दोन-तीन पर्याय द्यायचे, पर्याय दाबला की पुढचं पान उघडतं. जुळे सोलापुरातल्या खोलीत पंखा लावून बसलात तरी होऊन जाईल. फक्त गेम सोलापूरचा म्हणणार असाल तर त्यातली माणसं इथल्यासारखी वागली पाहिजेत. म्हणून वडीलकीच्या नात्याने चार गोष्टी सांगतो.

उमेदवार मुलगीच ठेवा. यात स्त्रीवाद वगैरे काही नाही, निव्वळ धंद्याचा विचार आहे. मुलगा ठेवलात तर गेम तीन क्लिकमध्ये संपतो. ‘कुठला बे तू?’ ‘अक्कलकोटचा.’ ‘बरं, सोमवारपासून ये.’ एवढ्यासाठी कोण डाउनलोड करेल? मुलगी ठेवलीत की मजकुराला तोटा नाही. लग्न झालंय का? ठरलंय का? घरचे बघतायत का? पुण्याचं स्थळ आलं तर तू हुतात्मा एक्स्प्रेस धरून जाणारच की, मग आम्ही शिकवलेलं वाया नाही का जाणार? सासरच्यांना चालेल का? पोर झालं तर सांभाळणार कोण? मार्चएंडला आठ वाजले तर घ्यायला कोण येईल? अकाउंट्सच्या या नोकरीला लागणारं टॅली सॉफ्टवेअर येतं का, हा प्रश्न अगदी शेवटी ठेवा. वेळ उरला तर.

आता मालक. ‘आम्ही बायका घेत नाही’ असं टेबलावर हात आपटून सांगणारा खलनायक तुम्ही लिहिला असेल, तर तो आधी खोडा. टॉवेलचा कारखाना चालवणारा आपला मालक मुलगी दारात दिसली की पंख्याचा वेग वाढवतो, ‘उन्हाची आलीस, आधी पाणी पी’ म्हणतो, चहा सांगतो. नाही हा शब्द त्याच्या तोंडून कधीच येत नाही. तो काळजी करतो. एमआयडीसीत रात्री रिक्षा मिळत नाही, याची काळजी. गोडाऊनमध्ये सगळी गडीमाणसं, याची काळजी. मग तो म्हणतो, ‘तू मला लेकीसारखी आहेस.’ हे वाक्य पडद्यावर आलं की नोकरी गेली, असं गेममध्ये ठोकून बसवा. लेकीला कुणी पगार देतं होय?

मालकाच्या खुर्चीमागे अहिल्यादेवींची तसबीर मात्र विसरू नका, ३१ मेचा हार अजून न काढलेली. उमेदवाराची पदवीही त्यांच्याच नावाच्या आपल्या विद्यापीठाची दाखवा. १७६७ पासून १७९५ पर्यंत बाईंनी एकहाती कारभार केला, हे मालकाला तोंडपाठ असतं, जयंतीला तो भाषणही करतो. त्याच तसबिरीखाली बसून तो विचारतो, ‘जीएसटीचं काम झेपेल का गं तुला?’

ट्वाइनमध्ये खेळणाऱ्याला न दिसणारी व्हेरिएबल, म्हणजे त्याची उत्तरं लक्षात ठेवणारे कप्पे, ठेवता येतात, तिथे तुमची कला दाखवा. लग्न न झालेली असेल तर लग्न करून जाईल. झालेली असेल तर पोर होईल. पोर असेल तर त्याला ताप येईल. पोर नसेल तर ‘अजून कसं नाही?’ असं काळजीने विचारता येतं. पोरं मोठी झालेली असतील तर बाईंचं वय झालं. इतके फाटे फुटले म्हणून घाबरू नका, शेवटाचं पान एकच लिहायचंय. त्यावर फक्त ‘कळवतो’ असं टाका. केवढी मेहनत वाचते बघा.

प्रश्न तोंडीच असू द्या, छापील फॉर्म नको. कागदावर छापलं की माणूस सापडतो. एलआयसीने एके काळी नोकरीच्या फॉर्मातच बायकांना पाळीची तारीख आणि गरोदरपणं विचारली होती. प्रसूती रजा घेतलेल्या एका बाईला ‘फॉर्मात खोटं लिहिलं’ म्हणून काढलं, ती कोर्टात गेली, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावून ते रकाने काढायला सांगितले. चहा पिता पिता विचारलं असतं तर पुरावा राहिला असता का?

कायद्याचं एक बटण कोपऱ्यात देऊन टाका, बारीक अक्षरात. १९७६ च्या समान वेतन कायद्याने पगाराबरोबर भरतीतल्या भेदभावालाही मनाई केली, तीच तरतूद पुढे २०१९ च्या वेतन संहितेत आली. हे बटण कुणी दाबणार नाही, काळजी नसावी. मालकाला पाठ असलेला कायदा वेगळा. प्रसूती रजा २०१७ मध्ये १२ आठवड्यांवरून २६ झाली, हे तो झोपेतही सांगेल. ‘सहा महिने घरी बसून पगार द्यायचा, आमचं काय अन्नछत्र आहे?’ हा संवाद जरूर घाला, टाळ्या पडतील. पण एक पथ्य पाळा. कारखाना ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळात, नोंदलेला असेल आणि महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर त्या रजेचे पैसे मालक देत नाही, महामंडळ देतं. आणि आपल्याकडे अकाउंट्सच्या मुलीला २१,००० कोण देतो? ही माहिती गेममध्ये आली तर मालकाचं हक्काचं कारणच जाईल आणि त्याला नवीन शोधावं लागेल. बिचाऱ्याला आधीच लोडशेडिंगचा त्रास.

एआयचा मुलाखतकार आणायचा मोह होईल, तो आवरा. ॲमेझॉनने अर्ज चाळायला असं यंत्र करून पाहिलं होतं. जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे, त्यावरून यंत्र शिकलं आणि अर्जात बायकांच्या क्लबाचा उल्लेख दिसला तरी गुण कापू लागलं. शेवटी ते गुंडाळावं लागलं, २०१८ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली. आपल्याकडे हे काम मालकाचे मामा फुकटात करतात.

बोनस लेव्हल हवी असेल तर विडीची घ्या. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी आहे. त्यातल्या एकीला तरी विडी वळायला घेताना ‘लग्नानंतर काम सोडणार का?’ असं कुणी विचारलं असेल का? पोर मांडीवर असलं तरी चालतं. पान आणि तंबाखू घरी न्यायचा, वळायचं, हजारावर पैसे, खराब निघालेल्या बाजूला. ना रिक्षाची काळजी, ना सासरची. मात्र या लेव्हलमध्ये खुर्ची, टेबल आणि कॉम्प्युटर चुकूनही दाखवू नका. ते दिसले की मालकाची काळजी सुरू होते आणि लेव्हल अडकते.

राहिली चाचणी. ती मुलींकडून करून घेऊ नका, त्या प्रश्न पूर्ण वाचायच्या आतच उत्तर दाबतात. एखाद्या मालकालाच बसवा. तो शेवटपर्यंत खेळेल, ‘मालक फार चांगला दाखवलाय’ म्हणेल, आणि खूश होऊन विचारेल, ‘आमच्या कारखान्याचं ॲप करायचंय, हे केलं कुणी?’ आता तुम्ही मुलगी असाल तर ‘मी’ म्हणू नका. भावानं केलं म्हणून सांगा. भाऊ नसेल तर मामेभाऊ चालेल.