घरट्याजवळचा खंड्या
इंग्लंडच्या ग्रामीण भागात वर्षभर पक्ष्यांची छायाचित्रे टिपण्यावरचा हा लेख, विशेषतः सॉमरसेटच्या पाणथळीवर हिवाळी संध्याकाळी उतरणाऱ्या स्टार्लिंगच्या (मैनेच्या कुळातील पक्ष्यांच्या) थव्यांचे वर्णन, मनापासून आवडले. मात्र खंड्या आणि गव्हाणी घुबड यांच्या विणीच्या काळातील छायाचित्रांविषयी लिहिताना कायद्याचा उल्लेख हवा होता. वन्यजीवविषयक १९८१ च्या कायद्यातील पहिल्या परिशिष्टात, म्हणजे विशेष संरक्षित पक्ष्यांच्या यादीत, हे दोन्ही पक्षी असल्याने, घरट्याजवळ त्यांना जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने त्रास देणे हा तेथे गुन्हा आहे. खंड्याच्या चोचीतल्या माशाचे डोके बाहेरच्या बाजूला असेल, तर तो घास सहसा पिलांसाठी असतो. असा खंड्या काठावरच्या बिळात न शिरता फांदीवरच ताटकळत असेल, तर तो आपल्यामुळे बिचकला आहे असे समजून छायाचित्रकाराने तत्काळ मागे हटावे, छायाचित्र हुकले तरी चालेल.