रेड ऑक्साइडचा एक हात कोकणात पुरत नाही

घरी गाडी बांधण्यावरच्या तुमच्या लेखातलं ‘चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) रेड ऑक्साइडचा एक हात मारला की गंजाची चिंता मिटली’ हे वाक्य घाटावर चालेल, आमच्या देवगडात नाही. रेड ऑक्साइड हा नुसता अस्तर-रंग. वर पक्का रंग नसेल तर ओल आत झिरपतेच, आणि खारा वारा उरलेलं काम करतो. मी आणि माझा आतेभाऊ मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनावर दोन सीटची बग्गी बांधत होतो. सांगाडा १ इंची चौकोनी पाइपाचा, १६ गेज जाडीचा. बाहेरून घासूनपुसून दोन हात रंग दिला, पण पाइपांची तोंडं उघडीच. पडवीत एक पावसाळा गेला आणि गणपतीनंतर हातोडी मारली तर आतून पापुद्रे गळाले! होड्या दुरुस्त करणारे शेजारचे काका आधीच ओरडले होते, “मेल्यांनो, पायपाची तोंडा बंद करा.” ऐकतंय कोण? आता प्रत्येक तोंडावर पत्र्याची टिकली वेल्ड करतो. जिथे भोक ठेवावंच लागतं तिथे आत जळकं ऑइल फिरवतो.

आणखी एक, जून ते सप्टेंबर वेल्डिंग शक्यतो नकोच. रॉड दमट झाले की जोडात बारीक भोकं राहतात, वरून छान दिसतं तरी. आमची बग्गी तूर्त आंब्याच्या बागेतच फिरते, कारण पासिंगचं, म्हणजे आरटीओत नोंदणीचं, प्रकरण वेगळंच. त्यावर तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत, हे खटकलं.